डोमाजींच्या अडकित्त्याचं चित्र

समोर अडकित्ता ठेवून त्याचं चित्र काढणं कोणालाही जमेल. अडकित्ता समोर नसताना, तो कुठे गेला हे माहीत नसताना, आणि मागे उभं राहून घरादाराने "असा नव्हता, असा नव्हता" असा घोष लावलेला असताना तो काढून दाखवावा, असं माझं तमाम चित्रकारांना आव्हान आहे. मी तो काढला आहे. एकदा नव्हे, दोनदा. त्याबद्दल शाळेने माझ्याकडून लेखी खुलासा मागवला, अकोल्याचा एक मिस्त्री माझ्याशी अजून बोलत नाही, आणि आमच्या घरात नुसतं 'पेन्सिल' म्हटलं तरी बायको कपाळावर हात मारते.

मी अमरावतीत भूगोल शिकवतो. आफ्रिका खंड मी खडू न उचलता फळ्यावर काढतो. एकदा इन्स्पेक्टरसाहेबांनी माझ्या आफ्रिकेपुढे उभं राहून "ठीक" असं म्हटलं होतं, आणि त्यांना ओळखणारे सांगतात की ते सहसा एवढं बोलत नाहीत. हे सांगण्याचं कारण इतकंच, की पुढे काही लोकांनी माझ्या हाताबद्दल जे उद्गार काढले ते वाचताना वाचकांनी आपली न्यायबुद्धी शाबूत ठेवावी.

तर माझी धाकटी बहीण मनकर्णा. वडील गेल्यापासून तिच्या लग्नाची जबाबदारी माझ्यावर. तिला पाहायला येणाऱ्यांनी आमचा इतका चिवडा खाल्ला होता की चिवडेवाला मला दुरून पाहून उठून उभा राही. खाऊन सगळे म्हणत, "कळवतो." आणि कोणी कळवत नसे. उंच आहे, सावळी आहे, सातवी पास आहे, प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि तेही तिऱ्हाइताकडून कानावर येई. ती बोलायची नाही, पण पाहुणे गेले की भांडी इतकी घासायची की पितळ पातळ होत चाललं होतं. आणि अशात बाळापूरचे डोमाजी आपल्या नातवाला, देवमनला, घेऊन आले.

देवमन अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. मुलगा तोंडातून चकार शब्द काढत नव्हता. त्याची कसर डोमाजी भरून काढत होते. म्हाताऱ्याने आल्या आल्या कोपरीच्या खिशातून आपला अडकित्ता काढला, आमच्या सुपाऱ्या उलटसुलट करून पाहिल्या, "किडक्या हायेत" असं निदान केलं आणि तरीही कातरायला घेतल्या. अर्ध्या त्यांनी कातरल्या, अर्ध्या नातवाला कातरायला लावल्या. जाताना म्हणाले, "पोट्टी पसंत हाये, मास्तर. पाडव्याले येतो. सुपारी फोडून घेऊ."

आमच्याकडे सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. त्याआधी जे काही होतं ते नुसतं बोलणं. बोलणं फिरतं, फुटलेली सुपारी फिरत नाही. माझ्या बायकोने, भागीरथाने, त्या संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली आणि मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

जेवून ओसरीवर आलो तर पाटाखाली अडकित्ता पडलेला. मला वाटलं, शेजारच्या किसनरावांचा. किसनराव पोस्टातून रिटायर झालेले. त्यांच्या वस्तू कायम आमच्याकडे आणि आमची वर्तमानपत्रं कायम त्यांच्याकडे. मी तो नेऊन त्यांच्या हातात ठेवला आणि वर "आपापल्या वस्तू सांभाळाव्या" असं सुनावलंही. किसनरावांना वाटलं, त्यांच्या साडूचा. साडू त्याच घटकेला मोर्शीच्या मोटारीत बसायला निघाले होते, म्हणून किसनराव धावत जाऊन तो त्यांच्या पिशवीत टाकून आले. साडूंनी मोटारीत पिशवी उघडली, परका अडकित्ता दिसला, त्यांना वाटलं ड्रायव्हरचा. त्यांनी तो ड्रायव्हरला दिला. ड्रायव्हरला वाटलं मागच्या बाकावरच्या पाटलाचा. पाटील तो घेऊन वाटेत कुठल्याशा फाट्यावर उतरून गेले, आणि ते कुठले पाटील हे ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं.

या सगळ्या प्रकरणात चोर एकही नाही, हे ध्यानात घ्या. सगळे सज्जन. ज्याची वस्तू त्याला पोचवण्याची अशी घाई मी दुसऱ्या कोणत्याही मुलखात पाहिलेली नाही. एक जरी लबाड मध्ये भेटला असता तर अडकित्ता अमरावतीत राहिला असता.

हा उलगडा व्हायला कारण झाला बाळापूरचा एक कापूसवाला. तो डोमाजींचा निरोप घेऊन आला. "आबाजीचा अडकित्ता तुमच्या अथी राह्यला म्हणे. राहू द्या म्हणे, जपून ठेवा. पाडव्याले त्यानंच सुपारी फोडाची हाये."

मी म्हटलं, "त्यानेच कशाला? आमच्याकडेही अडकित्ता आहे."

कापूसवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात चपला घालून शिरलो. "त्यायच्या घरी चार पिढ्यापासून त्याच अडकित्त्यानं सुपारी फुटते, मास्तर. दुसऱ्यानं फोडतच नाईत. एक डाव फोडली होती, तं नवरदेव वरातीतून पयाला. अजून सापडला नाई."

मी घाम पुसत किसनरावांकडे गेलो, किसनरावांना घेऊन मोर्शीला साडूंकडे गेलो, आणि तिथून मोटारवाल्यांच्या कचेरीत. तिथला कारकून संत्र सोलत होता.

"अडकित्ता कोनाचा?"

"बाळापूरच्या डोमाजींचा."

"मंग डोमाजीले घेऊन या."

"डोमाजींना कळता कामा नये."

कारकुनाने सोलणं थांबवलं. "म्हंजे वस्तू त्यायची, हरवली तुमी, अन् मालकाले सांगाचं नाई. मास्तर, आमी याले वेगळं नाव देतो." शेवटी किसनरावांनी त्याच्या एका काकाची ओळख काढली, तेव्हा तो निवळला. म्हणाला, "असं करा. एका कागदावर चित्र काहाडून द्या अडकित्त्याचं. मोटारीत लावतो. ज्याच्याजवळ असन तो ओळखन अन् आणून देईन."

मी लगेच होकार दिला. मनात म्हटलं, अहो, ज्याने आफ्रिका काढली त्याला अडकित्ता तो काय!

घरी येऊन पेन्सिलीला टोक केलं, कागद पाटीवर ताणला, आणि दोन दांड्या, मधे खीळ, पुढे पातं असं सुरेख काढून झालं. मग पात्याच्या वर काहीतरी होतं, तिथे हात अडला. काहीतरी नक्षी होती. प्राणी होता. कोणता, ते आठवेना.

"मोर," किसनराव म्हणाले. ते तोवर माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. "म्या हातात घेतला होता. चांगला पिसारेवाला मोर."

"पोपट होता," भागीरथा आतून म्हणाली. "चोच वाकडी होती, म्या पायली."

"वहिनी, मोराले चोच नसते का?"

"अशी वाकडी नसते."

मी मोर काढला. भागीरथाने जेवण वाढायचं थांबवलं. मी चोच वाकडी केली. किसनराव म्हणाले, पिसारा कमी झाला. पिसारा वाढवला तर पातं झाकलं. पातं मोठं केलं तर पक्षी आडवा झाला. समेट करताना राष्ट्रांचं जे होतं तेच पक्ष्याचं होतं, कोणाचंच समाधान होत नाही आणि नकाशा बिघडतो. शेवटी जे सिद्ध झालं ते घेऊन मी मोर्शीला गेलो. कारकुनाने कागद आडवा धरला, उभा धरला, आणि विचारलं, "बदक होय का?"

मी उत्तर दिलं नाही. काही प्रश्नांना उत्तर दिलं की आपण त्यांच्या पातळीवर उतरतो. चित्राखाली ठळक अक्षरात 'नीट पाहून ठेवा. शेषराव मास्तर, अमरावती' असं लिहून तो कागद मोटारीत ड्रायव्हरच्या पाठीमागे चिकटवला आणि परत आलो.

आता एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. ते निवडणुकीचे दिवस होते. भिंतीभिंतीवर बैलजोड्या, झोपड्या, दिवे, काय काय रंगवलेलं होतं. खेड्यापाड्यातून मोटारीत बसणाऱ्या माणसाने एक चित्र पाहिलं, खाली माणसाचं नाव आणि 'नीट पाहून ठेवा' वाचलं, की त्याने काय समजावं? दोन-तीन दिवसांत मला बाजारात लोक रामराम घालायला लागले. एका म्हाताऱ्याने हात धरून विचारलं, "मास्तर, बदकाले उभे होय ना तुमी? आमचं अख्खं गाव हाये तुमच्या मांगं." मी म्हटलं, ते बदक नाही. तो म्हणाला, "काही का असेना. आमी शिक्का मारतो."

हे हेडमास्तरांच्या कानावर गेलं. त्यांनी मला बोलावून दार लावून घेतलं. "सरकारी पगार खाणाऱ्या माणसाने निवडणुकीला उभं राहणं, आणि तेही स्वतंत्र चिन्हावर! लेखी खुलासा द्या."

मी खुलासा लिहिला. त्यात अडकित्ता आला, डोमाजी आले, साडू आले, मोर आणि पोपट दोन्ही आले. हेडमास्तरांनी तो वाचला आणि म्हणाले, "शेषराव, यापेक्षा तुम्ही निवडणुकीला उभा राहिलो असं लिहून द्या. वरच्यांना ते लवकर पटेल." शेवटी मोर्शीला जाऊन मीच तो कागद खरवडून काढला. खाली उतरलो तेव्हा एक माणूस हळहळला, "बसले वाटते मास्तर. पैसे देल्ले असन कोनं."

पाडवा जवळ येत चालला. अडकित्ता आला नाही. आला तो भलत्याच एका पाटलांचा गडी, पण मत कुणाला द्यायचं ते विचारायला. मला जेवण जाईना. भागीरथा म्हणाली, "सांगून टाका ना बाळापूरले, हरवला म्हनून." मी म्हटलं, सांगतो, आणि वरातीतून पळालेला तो नवरदेव आठवून पुन्हा गप्प बसलो. मनकर्णा पुन्हा भांडी घासायला लागली होती. मला तो आवाज सहन होईना.

एक दिवस मी ओसरीवर नवा कागद घेऊन बसलो होतो आणि नवा पक्षी जमवत होतो. मनकर्णा राखेच्या हातांनीच बाहेर आली. थोडा वेळ पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, पक्षी नव्हता तो. घोडा होता."

मी पेन्सिल खाली ठेवली. "घोडा?"

"घोड्याचं तोंड होतं. डावा कान तुटला होता. मानेवर आयाळीच्या रेघा होत्या, घासून घासून बुजल्यावानी. खालच्या दांडीले घुंगराची कडी होती पन घुंगरू नव्हतं. अन् दांडीच्या टोकाले कमळाची कळी होती, एवढीशी."

"एवढे दिवस का नाही बोललीस?"

"तुमी इचारलं कोठी?"

हे खरं होतं. किसनरावांना विचारलं, साडूंना विचारलं, ड्रायव्हरलाही विचारलं. "पण तुला इतकं कसं माहीत?"

"तुमी सांगतलं होतं ना, मान वर करजो नको म्हनून," ती म्हणाली. "मंग मी काय पायन? समोर तेवढंच होतं. एक अडकित्ता अन् दोन हात." मग माझ्याकडे न बघता: "आबाजीनं त्यायले कातराले देल्ला तवा पायलं. अंगठ्याले शाई लागली होती. सुपारी लय बारीक कातरत होते. माह्यापाशी आलेली किडकी होती, ते बदलून चांगली ठेवली त्यायनं. कोनाले दिसू न देता."

एवढं सांगून ती आत गेली. या मुलीने मुलाचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं, आणि तिचं मन बसलेलं होतं. आणि मी तिचा थोरला भाऊ, अडकित्ता गल्लीभर दान करून बसलो होतो. माझा मलाच असा संताप आला की मी किसनरावांना "तुमचं वर्तमानपत्र उद्यापासून बंद" असं भिंतीवरून ओरडून सांगितलं.

मग ठरवलं. सापडत नाही तर हुबेहूब दुसरा बनवून घ्यायचा. अमरावतीचे लोहार म्हणाले, असं घोड्याचं काम बाळापूरकडचं, आमच्याकडे होत नाही. बाळापूरला जावं तर लोखंड तापायच्या आत बातमी डोमाजींच्या ओसरीवर. तेव्हा मधलं ठिकाण अकोला. तिथे जुन्या शहरात गयासुद्दीन मिस्त्री अडकित्ते घडवतात असं कळलं.

मनकर्णा सांगत गेली आणि मी काढत गेलो. खोटं कशाला बोलू, ते चित्र माझ्या आयुष्यातलं उत्तम चित्र होतं. मास्तरकी शिकताना नॉर्मल स्कूलमध्ये आम्हाला शिकवलं होतं की जवळचं मोठं दिसतं, दूरचं लहान. त्याप्रमाणे जवळची दांडी लांब काढली, मागची आखूड. घोडा एका अंगाने, एक डोळा दाखवून. एका बाजूने उजेड घेऊन छटा दिल्या आणि अडकित्त्याची काळीभोर सावली खाली पाडली. किसनराव समेट करायला आले होते, तेसुद्धा म्हणाले, "उचलून सुपारी कातरावी वाटते, मास्तर." मी त्यांचं वर्तमानपत्र चालू केलं.

गयासुद्दीन मिस्त्रींनी भात्यापुढे बसल्या बसल्या चित्र पाहिलं. माणूस तापट, आवाज भात्याच्या वरचा. "मास्टर, ये एक दांडी छोटी कायको?"

मला राग आला. आयुष्यभर ज्याला त्याला समजावत फिरावं का माणसाने? मी म्हटलं, "मिस्त्री, चित्रात चूक शोधू नका. जसं काढलं आहे तसंच झालं पाहिजे. तसूभर फरक चालणार नाही."

"अन् ये नीचे काला काला?"

"सांगितलं ना, जसंच्या तसं."

"सोच लो."

"सोचलं आहे!"

मिस्त्रींनी चित्र घडी करून टोपीखाली ठेवलं आणि मला पाडव्याच्या आदल्या दिवशी यायला सांगितलं.

आदल्या दिवशी गेलो. मिस्त्रींनी फडक्यातून जे काढलं ते पाहून मी शेजारच्या पेटीवर बसलो. घोडा होता, तुटका कान होता, बुजल्यासारखी आयाळ होती, कमळाची कळी होती. पण एक दांडी हातभर आणि दुसरी बोटभर. घोड्याला एका बाजूने डोळा, दुसरी बाजू सपाट. आणि खालून, खिळा मारून बसवलेली, अडकित्त्याच्याच आकाराची काळी लोखंडी पट्टी.

"हे काय आहे?" मी पट्टीवर बोट ठेवलं.

"साया. तुम काढे थे."

"अहो, सावली कोणी लोखंडाची करतं का!"

"मैं पूछा था ना? सोच लो बोला था ना?" मिस्त्री उठून उभे राहिले. "सारे अकोले में कोई मेरे काम में एक बाल का फरक दिखा दे! निकालो, निकालो तुमारा चित्र!"

त्यांनी चित्र माझ्या नाकापुढे धरलं, शेजारी अडकित्ता धरला, आणि दुर्दैव असं की एक डोळा मिटून पाहिलं तर खरोखरच एका केसाचाही फरक नव्हता. मी क्षीण आवाजात विचारलं, "याने सुपारी कातरली जाते का?"

"वो तुम बोले नहीं."

नवा घडवायला वेळ नव्हता. बरीच हुज्जत घातल्यावर त्यांनी दोन घाव घालून सावली तेवढी उडवून दिली, आणि ती उडवताना माझ्याविषयी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाडव्याला डोमाजी आले. सोबत देवमन आणि आणखी दोन-तीन नातलग. ओसरीवर सतरंजी, पाट, तबक. किसनरावांचा सल्ला होता, म्हाताऱ्याला कमी दिसतं, निभावून जाईल. भागीरथाने अडकित्त्याच्या आखूड दांडीवर झेंडूची फुलं इतकी रचली होती की तबकात समाधी असल्यासारखी दिसत होती. मनकर्णाला पाटावर बसवलं. माझी सूचना तीच, मान वर करायची नाही.

डोमाजींनी गोंजारल्यासारखा घोड्यावरून हात फिरवला. तुटक्या कानावर अंगठा फिरला आणि चेहरा खुलला. मी देवाचं नाव घेतलं. त्यांनी सुपारी पात्याखाली धरली आणि दाबली. सुपारी सटकली ती थेट किसनरावांच्या कपाळावर. दुसऱ्यांदा दाबली, ती घरात गेली. तिसऱ्यांदा त्यांनी दाबलीच नाही. फुलं बाजूला केली, दोन्ही दांड्या एकमेकींना लावून पाहिल्या आणि विचारलं, "मास्तर, आमचा घोडा लंगडा कावून झाला?"

मी भूगोलाबरोबर शास्त्रही शिकवतो. तेच तोंडात आलं. "त्याचं असं आहे, धातू उष्णतेने प्रसरण पावतो आणि थंडीने आकुंचन..."

"अमरावतीले एवढी थंडी पडते?" डोमाजी म्हणाले. ओसरीवर तेव्हा लोक पदराने नि टोप्यांनी वारा घेत होते.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. डोमाजींनी अडकित्ता तबकात ठेवला. आणि मी पुढचं थापेचं वाक्य जुळवत असतानाच मनकर्णाचा आवाज आला.

"आबाजी, तुमचा अडकित्ता आमच्या हातून गेला." मान खालीच होती, पण आवाज स्वच्छ होता. "मुद्दाम नाई गेला. भाऊनं लय शोधला. हा माह्या सांगन्यावरून बनवून आनला. भाऊ तुमाले फसवाचं म्हनून नाई करून राह्यला, माह्यासाठी करून राह्यला. तुमाले सुपारी फोडाची असन तं फोडा. नसन..."

शाळेत मी रोज मुलांना खरं बोला म्हणून सांगतो, आणि माझ्या घरात खरं बोलणारी ही एकच निघाली.

डोमाजी म्हणाले, "पोट्टी, तुह्यावर माहा राग नाई. पन आमच्या घरी दुसऱ्या अडकित्त्यानं सुपारी फुटत नाई. फोडली तं काय होते ते आमी पायलं हाये." त्यांनी सुपारी तबकात परत ठेवली आणि पागोटं डोक्यावर चढवलं. किसनराव आपला अडकित्ता घेऊन पुढे झाले होते, ते तसेच मागे सरले. भागीरथाने डोळ्याला पदर लावला. पागोटं डोक्यावर गेलं म्हणजे संपलं, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही.

तेवढ्यात देवमनने हात पुढे केला. आल्यापासून त्याने एक अक्षर काढलं नव्हतं. त्याने तबकातली सुपारी उचलली, तोंडात टाकली, दाढेखाली धरली, डोळे घट्ट मिटले आणि चावली.

असा कडाका झाला की दारातली शेळी उठून उभी राहिली.

देवमनने सुपारीचे तुकडे तळहातावर घेतले आणि तबकात ठेवले. गाल हाताने धरून, डोळ्यात पाणी आलेल्या अवस्थेत तो म्हणाला, "आबाजी, दुसऱ्या अडकित्त्यानं नाई फोडली."

सगळे डोमाजींकडे पाहू लागले. उष्टी सुपारी, तीही भर सभेत, वडीलधाऱ्यांच्या देखत! म्हातारा तबकाकडे पाहत राहिला. मग नातवाच्या गालाकडे. मग हळूहळू पागोटं उतरवून मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "बत्तिशी तं आमच्याच घरची होय. फुटली सुपारी. वाटा."

एकदम सगळे बोलायला लागले. मनकर्णाने मान वर केली आणि समोर पाहिलं. नवऱ्या मुलाचं तोंड तिला पहिल्यांदा दिसलं ते असं, एका बाजूने सुजत चाललेलं आणि दुसऱ्या बाजूने हसणारं. ती पाहतच राहिली. मी तिला काही म्हटलं नाही.

डोमाजींनी स्वतःच्या हाताने तुकडे वाटले. पहिला मान मुलीच्या भावाचा. "घ्या मास्तर," ते म्हणाले. मी तो भक्तिभावाने तोंडात टाकला आणि चावला. चावताक्षणी कळलं की ही सुपारी नाही, देवमनच्या दाढेचा टवका आहे. समोर डोमाजी माझ्या तोंडाकडे टक लावून बसले होते, शेजारी माझी बहीण हसत होती. मी तो गिळला.